बांधून ठेवलेली युद्धनौका बुडते कशी? तरंगती संग्रहालयं टिकतात कशी आणि पाहावीत कशी

‘विक्रांत’ भंगारात का गेली, हा प्रश्न अजून विझलेला नाही. १९६१ मध्ये नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून विमानं उडवणारी ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून ती लोकांना पाहायला मिळाली, २०१२ मध्ये धोकादायक ठरवून बंद झाली आणि २०१४ मध्ये लिलावात साधारण ६० कोटींना विकली जाऊन तोडली गेली. विमानवाहू ‘विराट’ २०२० मध्ये तोडणीसाठी अलंगच्या किनाऱ्याला लागली. नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी बसवण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा तीच चर्चा परत सुरू झाली. लंडनला, न्यूयॉर्कला ऐंशी-ऐंशी वर्षांची लढाऊ जहाजं तरंगत उभी आहेत, मग ते आपल्याकडे का जमू नये? आणि जहाज नुसतं धक्क्याला बांधून तर ठेवायचं, त्याला एवढा खर्च कसला?

या प्रश्नांची उत्तरं पाणरेषेपाशी सापडतात. जहाजाच्या अंगावर पाणी जिथे टेकतं ती ओळ म्हणजे पाणरेषा. येणारे लोक तोफा पाहतात, विमानं पाहतात, कप्तानाच्या खुर्चीशेजारी उभे राहून फोटो काढतात. जहाज पुढची वीस वर्षं राहणार की जाणार, हे मात्र त्या ओळीच्या हातभर वर आणि काही मीटर खाली ठरत असतं. तिकीट काढून आत शिरण्याआधी पाच मिनिटं धक्क्यावर थांबून तिथे नजर टाकली, तर पुढचं सगळं जहाज वेगळं दिसतं.

## तरंगतं म्हणजे खरंच तरंगतं?

जुनी युद्धनौका लोकांना दाखवायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, ती पाण्यातच तरंगत ठेवायची. थेम्स नदीतली ‘बेलफास्ट’ ही क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) १९७१ पासून अशी आहे, सॅन दिएगोची विमानवाहू ‘मिडवे’ २००४ पासून. अथेन्सजवळची ‘आवेरोफ’ तर १९१० मध्ये पाण्यात उतरली आणि अजून पाण्यात आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे पाण्याबाहेर काढायची. पोर्ट्स्मथची लाकडी ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून सुक्या गोदीत आहे. (सुकी गोदी म्हणजे जहाज आत घेऊन, दार लावून, पाणी उपसून टाकता येतं असा मोठा हौद.) विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर चढवलेली आहे आणि जपानच्या योकोसुकाची ‘मिकासा’ काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली.

तिसरी तऱ्हा या दोन्हींच्या मधली आहे, आणि सर्वांत फसवी तीच. जहाज तरंगतंय असं दिसतं, पण बूड गाळात रुतलेलं असतं. अमेरिकेतल्या ‘अलाबामा’ आणि ‘नॉर्थ कॅरोलायना’ या दोन अवाढव्य बॅटलशिप (जाड चिलखताच्या, मोठ्या तोफांच्या युद्धनौका) अशाच बसल्या आहेत.

तरंगणाऱ्यांमधल्या एका जहाजाचा मुंबईशी थेट संबंध आहे. इंग्लंडमधल्या हार्टलपूलची ‘ट्रिंकोमाली’ मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली गेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ब्रिटिश युद्धनौकांपैकी आजही तरंगणारी ती सर्वांत जुनी. तिकडे जाणाऱ्या मराठी माणसाने ती जरूर पाहावी. एवढ्या वर्षांनंतरही ती उभी आहे, यात त्या सागवानाचा आणि ते घडवणाऱ्या हातांचा मोठा वाटा आहे.

## चालतं जहाज टिकतं, मग उभं का सडतं?

नौदलाच्या सेवेत असताना जहाजावर शेकडो माणसं असतात आणि खरवडणं, घासणं, रंगवणं हे त्यांचं रोजचं काम असतं. शिवाय दर काही वर्षांनी जहाज सुक्या गोदीत जातं, तळाला चिकटलेली कालवं आणि शेवाळ काढलं जातं, पातळ झालेले पत्रे बदलतात, नवा रंग चढतो. संग्रहालय झाल्यावर ती माणसं जातात. गोदीची पाळी वीस-तीस वर्षांनी येते, कधी कधी येतच नाही. फिलाडेल्फियाची ‘ऑलिम्पिया’ १८९२ मध्ये पाण्यात उतरली. आज तरंगणाऱ्या पोलादी युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी आहे, आणि १९४५ नंतर ती सुक्या गोदीत गेलेली नाही. ‘न्यू जर्सी’ ही बॅटलशिप २०२४ मध्ये गेली, तीसहून जास्त वर्षांनी.

गंजाला पोलाद, पाणी आणि प्राणवायू तिन्ही लागतात. खोल पाण्यात प्राणवायू कमी असतो. वरच्या डेकवर प्राणवायू भरपूर, पण पाणी सतत नसतं. पाणरेषेच्या पट्ट्यात मात्र दोन्हींची चंगळ असते. लाटा आपटतात, येणाऱ्याजाणाऱ्या बोटींचं पाणी उसळतं, पत्रा ओला होतो, सुकतो, परत ओला होतो. रंग पहिल्यांदा सुटतो तो इथेच. समुद्रात बुडालेलं उघडं पोलाद ढोबळमानाने वर्षाला ०.१ मिलिमीटर झिजतं, आणि या पट्ट्यात ती झीज दुप्पट-तिप्पट होते.

पण सरासरीवर विसंबून राहता येत नाही. गंज पत्र्याला सगळीकडे सारखा खात नाही, तो खड्डे पाडतो. आजूबाजूचा पत्रा ८ मिलिमीटर शाबूत आणि मधल्या एका ठिपक्यात आरपार भोक, असं सर्रास सापडतं.

गाळात रुतलेल्या बुडाचं काय? तिथे प्राणवायू नसतो, म्हणजे गंज नको यायला. पण प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू चिखलात असतात. ते पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि त्यातून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड पोलाद कुरतडतो. शिवाय चिखलातला पत्रा पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्याला तपासता येत नाही. काय चाललंय हे कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर एक हमखास शंका निघते. बॅटलशिपला तर फूटभर जाडीचं चिलखत असतं, त्याला भोक कसं पडेल? चिलखताला पडत नाही. पण ते जहाजाच्या मधल्या भागात, पाणरेषेच्या वरखाली, एका पट्ट्यापुरतंच असतं. नाळेकडे (पुढच्या टोकाला), पिछाडीला आणि तळाला साधा पत्रा असतो. टेक्सास राज्यातली ‘टेक्सास’ घ्या. १९१४ मध्ये सेवेत आलेल्या या नौकेला १९२५ ते १९२७ च्या दुरुस्तीत पाणतीरांपासून (टॉर्पेडोंपासून) संरक्षण म्हणून दोन्ही कुशींना पातळ पत्र्याचे पोकळ फुगवटे जोडले होते. अनेक दशकांनी गळायला लागले ते हेच फुगवटे.

## एका भोकातून किती पाणी येतं?

पाण्याखाली ३ मीटर खोलीवर ५ सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं असं धरा. तिथल्या दाबाने मिनिटाला ५०० लिटरहून जास्त पाणी आत येतं, म्हणजे तासाला ३० टनांच्या वर. संध्याकाळी सहाला संग्रहालय बंद झालं आणि सकाळी सहापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, तर हिशेब साडेतीनशे टनांपलीकडे जातो. आतली पातळी चढली की वेग मंदावतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल. तरी दोन हजार टनांच्या विनाशिकेला (लहान, वेगवान युद्धनौकेला) हे पाणी फार झालं.

नुसतं वजन वाढणं हे त्यातलं अर्धंच संकट. परातीत बोटभर पाणी घेऊन चालून पाहा. परात जराशी कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. जहाजाच्या रुंद कप्प्यात शिरलेलं पाणी हेच करतं. दोन अंशांचा कल पाच होतो. पाचाला एखादं उघडं झरोक्याचं तोंड किंवा जुनं, गंजलेलं नळाचं भोक पाण्याखाली जातं, आणि मग नवी वाट मिळाल्यामुळे पाणी दुप्पट वेगाने शिरतं.

युद्धनौका बांधताना हे ओळखूनच तिचे आडव्या पोलादी भिंतींनी अनेक कप्पे केलेले असतात. एक कप्पा भरला तरी शेजारचा कोरडा राहावा, ही त्यामागची योजना. गोची अशी की संग्रहालय करताना नेमकी तीच मोडते. लोकांना सरळ चालत जाता यावं म्हणून काही भिंतींना नवे दरवाजे कापतात. बंद ठेवायची दारं दिवसभर उघडी राहतात. विजेच्या केबली आणि हवेचे पाइप नेण्यासाठी भिंतींना भोकं पाडतात आणि ती नीट बुजवत नाहीत. टॉर्पेडो खाऊनही तरंगेल अशी बांधलेली नौका मग एका सडक्या पत्र्याने बसते.

अशी उदाहरणं आहेत. न्यूयॉर्क राज्यात बफेलोला ‘द सलिव्हन्स’ नावाची विनाशिका आहे. दुसऱ्या महायुद्धात एकाच जहाजावर मरण पावलेल्या पाच सख्ख्या भावांचं नाव तिला दिलेलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये ती धक्क्यालाच एका बाजूला कलली आणि तिची पिछाडी पाण्यात बसली. बूड दुरुस्त करायला निधी जमवण्याची मोहीम त्याआधीच चालू होती. पत्रा तेवढा काळ थांबला नाही. पंप लावून, भोकं बुजवून तिला पुन्हा तरंगतं केलं आणि त्याच वर्षी लोकांसाठी उघडलं. बफेलोचं पाणी गोडं आहे हे इथे लक्षात घ्या. गोड्या पाण्यात गंज सावकाश येतो, पण येतो.

प्रॉव्हिडन्स शहरातली ‘ज्युलिएट ४८४’ ही सोव्हिएत पाणबुडी एवढी नशीबवान नव्हती. संग्रहालय म्हणून उभी असतानाच एप्रिल २००७ च्या वादळात ती बुडाली. वर्षभराने वर काढली, पण मग भंगारातच गेली. पाणबुडी पाण्याखाली राहण्यासाठीच बांधलेली असते, पण तिची झाकणं बंद असतील तर. पाहुण्यांसाठी उघडी ठेवलेली पाणबुडी पाण्यावर फारशी उंच नसते, आणि म्हणून ती इतर कुठल्याही जहाजापेक्षा नाजूक.

## पाणी वरूनही येतं

या धंद्यातली माणसं खालच्या पाण्याइतकीच पावसाच्या पाण्याला वैतागतात. बऱ्याच मोठ्या युद्धनौकांच्या पोलादी डेकवर सागवानी फळ्या बसवलेल्या असतात. फळ्यांमधल्या सांध्यांतलं भरण सुकून निघालं की पाऊस त्यातून खाली उतरतो आणि लाकूड-पोलादाच्या मध्ये साचून राहतो. वरून डेक सुंदर, घासलेली दिसते. खालचं पोलाद पापुद्र्यांनी सुटत असतं. मग पाणी एकेक मजला उतरत तळाशी जातं आणि तिथल्या पत्र्याला आतून खातं. एकाच पत्र्यावर बाहेरून नदी आणि आतून पाऊस, असा दुहेरी मारा होतो. छताच्या गळतीपायी जहाज गेलं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण तपासणीच्या अहवालांत तळाच्या भोकांचं मूळ कितीतरी वेळा वरच्या डेकवर निघतं.

## मग ती टिकवतात कशी?

पहिला उपाय स्वस्त आणि हुशारीचा आहे. बुडाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात. पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू आधी विरघळतो आणि दुसरा वाचतो. म्हणजे ठोकळा झिजतो, पत्रा राहतो. खाऱ्या पाण्यात जस्त, मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियम चालतं. इथे चुकीचा धातू निवडला, तर ठोकळ्यावर थर जमून तो निकामी होतो आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं. दुसरी चूक किनाऱ्यावरून येणाऱ्या विजेच्या जोडणीत होते. जहाज आणि शेजारचा पोलादी धक्का त्या केबलच्या अर्थिंगने एकमेकांना जोडले जातात, आणि जहाजाचे ठोकळे धक्क्यालाही वाचवत बसतात. दहा वर्षं पुरायचे ते दोन-तीन वर्षांत संपतात. म्हणून मध्ये विलगीकरणाचं उपकरण बसवावं लागतं.

दुसरा उपाय म्हणजे जाडी मोजत राहणं. पत्र्यावर एक छोटा शोधक टेकवून ध्वनिलहर सोडतात. ती पत्र्याच्या पलीकडच्या पृष्ठावरून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून जाडी निघते, आणि त्यासाठी भोक पाडावं लागत नाही. बुडावर चौकटी आखून शेकडो, कधी हजारो ठिकाणी असं मोजतात. मूळ जाडीच्या साधारण पाव भाग गेला असेल तर पत्रा बदलायचा, असा ढोबळ दंडक आहे. शोधक नेमका खड्ड्यावर पडला नाही तर खड्डा दिसतच नाही, ही यातली उणीव.

भोक सापडलं की पाणबुडे बाहेरून ठिगळ लावतात. पाण्यातही घट्ट होणारं इपॉक्सी, त्यावर पत्रा, किंवा आतून काँक्रीट. ही सगळी मलमपट्टीच. ठिगळाच्या कडेचा पत्रा आधीच पातळ असतो, पुढची गळती तिथेच सुरू होते. याशिवाय इंजिनांना थंड पाणी पुरवण्यासाठी बुडाला मुळातच मोठाली तोंडं ठेवलेली असतात. त्यांच्या आतल्या झडपा गंजून तुटू शकतात, म्हणून ती तोंडं बाहेरून पत्रा जोडून कायमची बंद करतात. संग्रहालय उघडण्याआधीच उरकायचं हे काम आहे. पुढे ते नेहमीच महाग पडतं.

खरा इलाज सुक्या गोदीचा. तिथवर जहाज न्यायचं म्हणजे ते ओढून न्यायचं, आणि तिथेच अनेकांची हिंमत खचते. ‘टेक्सास’ची गळती रात्रंदिवस पंप चालवून आटोक्यात ठेवली जात होती. २०१९ मध्ये राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले. ओढताना बुडू नये म्हणून कुशीतल्या टाक्यांमध्ये फुगणारा फेस भरला. ३१ ऑगस्ट २०२२ ला ती गॅल्व्हेस्टनच्या गोदीकडे निघाली आणि शेकडो टन नवं पोलाद अंगावर घेऊन मार्च २०२४ मध्ये पाण्यात परतली.

न्यूयॉर्कच्या विमानवाहू ‘इंट्रेपिड’ची कथा वेगळी आहे. १९८२ पासून ती हडसन नदीत एकाच जागी उभी होती. ६ नोव्हेंबर २००६ ला तिला दुरुस्तीसाठी हलवायला गेले, तर ती हलेना. चोवीस वर्षांत बुडाभोवती आणि जहाज पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांभोवती गाळ साचला होता. टगबोटींनी जोर लावला, जहाज थोडंसं सरकलं आणि परत अडकलं. महिनाभर गाळ उपसल्यावर ५ डिसेंबरला ती सुटली आणि दुरुस्त होऊन २००८ मध्ये परतली. जहाज संग्रहालयासाठी उभं करताना फक्त धक्का आणि गाड्यांची जागा पाहून भागत नाही. गाळ किती साचतो आणि वीस वर्षांनी ते तिथून बाहेर काढता येईल का, हे आधी पाहावं लागतं.

## ‘मग सगळीच पाण्याबाहेर का काढत नाहीत?’

लहान जहाजांना आणि पाणबुड्यांना हा मार्ग उत्तम आहे. ‘कुरसुरा’ याच कारणाने सुखरूप आहे. मोठ्या जहाजाला पाणी सगळीकडून सारखा आधार देतं, जमीन देत नाही. टेकू असेल तिथे वजन एकवटतं आणि मधला भाग झोळतो. ‘व्हिक्टरी’ शंभर वर्षं गोदीत बसून अशीच झोळायला लागली, म्हणून तिच्याखाली शंभराहून जास्त नवे टेकू द्यावे लागले. प्रत्येकावर भार किती येतो हे आता मोजता येतं. चाळीस-पन्नास हजार टनांच्या जहाजासाठी अशी गोदी कायमची अडवून ठेवणं कुठल्याच बंदराला परवडत नाही.

मधली वाट काहींनी काढली आहे. ‘अलाबामा’ आणि ‘नॉर्थ कॅरोलायना’ यांच्याभोवती पाणी अडवणाऱ्या पोलादी भिंती घातल्या आहेत, आतलं पाणी उतरवून जागेवरच पत्रे बदलता येतात. लुइझियानातल्या बॅटन रूजची ‘किड’ तर पाळण्यात उभी आहे. मिसिसिपीचं पाणी तिथे वर्षभरात १२ मीटरपर्यंत वरखाली होतं. पूर आला की ती तरंगते, पाणी ओसरलं की पाळण्यात बसते आणि तिचं बूड लोकांना पाहायला मिळतं. तीही २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत गेली.

## ‘पत्रे बदलत राहिलं तर जहाज तेच राहतं का?’

बॉस्टनची ‘कॉन्स्टिट्यूशन’ १७९७ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यातलं मूळ लाकूड आता फार तर दहा-पंधरा टक्के उरलंय. सेंट पीटर्सबर्गच्या ‘अरोरा’चं पाणरेषेखालचं अख्खं अंग १९८० च्या दशकात नवं केलं, आणि अनेकांना ते रुचलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. सेवेत असतानाही जहाजाचे पत्रे बदलतच असतात, तो त्याच्या आयुष्याचाच भाग. जपायचं ते आतलं जग. खलाशांच्या झोपायच्या जागा, यंत्रं, दारूगोळ्याचे उद्वाहक, दिशादर्शनाची खोली. नव्या बुडावर हे शाबूत राहत असेल तर बूड खुशाल बदलावं.

## ‘एवढा पैसा आणायचा कुठून?’

अमेरिकन नौदल जुनं जहाज दान देतं, पण आहे तसं आणि आहे तिथे. ओढून नेण्याचा, धक्का बांधण्याचा, पुढच्या देखभालीचा सगळा आराखडा आणि पैसा घेणाऱ्या संस्थेने दाखवायचा असतो, आणि नंतरही नौदल तपासणी करत राहतं. ‘नॉर्थ कॅरोलायना’ आणि ‘अलाबामा’साठी तर शाळकरी मुलांनी सुटी नाणी जमवली. पण सुरुवातीचा निधी जमवणं त्यातल्या त्यात सोपं असतं. तिकीट, उपाहारगृह, मुलांच्या रात्रीच्या मुक्कामाची शिबिरं यांतून रोजचा खर्च निघतो. वीस वर्षांनी येणारं गोदीचं बिल त्यातून निघत नाही. ते पहिल्या दिवसापासून वेगळं बाजूला टाकावं लागतं. ‘विक्रांत’च्या वेळी भावना, आंदोलनं, न्यायालयीन लढा सगळं झालं. ते मनापासूनचं होतं आणि त्याबद्दल आदरच आहे. पण २१३ मीटर लांबीच्या जहाजाला कायमची जागा, गोदीची सोय आणि कायमचा निधी ही तीन गणितं जहाज निवृत्त होण्याच्या आधी सुटायला हवी होती. पुढचं जहाज वाचवायचं असेल तर ते सेवेत असतानाच ही मांडणी सुरू व्हायला हवी.

## पाहायला जाल तेव्हा

धक्क्यावरून सुरुवात करा. नाळेवर आणि पिछाडीला अंगावर आकडे रंगवलेले असतात, ते जहाज किती खोल बुडालंय हे सांगतात. फुटांचे आकडे ६ इंच उंच असतात आणि दोन आकड्यांमधलं अंतरही ६ इंच. आकड्याची खालची कड म्हणजे तेवढे पूर्ण फूट. पाणी ‘१८’च्या बरोबर डोक्याला टेकलं असेल तर खोली साडेअठरा फूट. पुढचा आणि मागचा आकडा वाचून जहाज कुठल्या टोकाला झुकलंय ते कळतं. इंधन, दारूगोळा आणि माणसं उतरल्यामुळे संग्रहालयातलं जहाज हलकं असतं, त्यामुळे पाणरेषेसाठी रंगवलेला काळा पट्टा पाण्याच्या बराच वर दिसला तर घाबरायचं कारण नाही. तो पट्टा एका टोकाला पाण्यात आणि दुसऱ्या टोकाला उंच दिसला, किंवा एका बाजूला जास्त बुडालेला दिसला, तर मात्र आत गेल्यावर मार्गदर्शकाला कारण विचारा. कडेच्या भोकातून पाणी पडत असेल तर तेही विचारा. कधी ते थंडाव्याचं असतं, कधी गळतीच्या पंपाचं.

गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जायची वाट, कसा जोडलाय तेही बघा. ‘बेलफास्ट’ उभी आहे तिथे भरती-ओहोटीने पाणी सहा-सात मीटरपर्यंत वरखाली होतं. म्हणजे सकाळी चढताना असलेला उतार दुपारी उतरताना वेगळा असतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी भरतीची वेळ आधी पाहून जावं.

आत शिड्या जवळपास उभ्या असतात. उतरताना तोंड शिडीकडे आणि दोन्ही हात कठड्याला. म्हणून पाठीवरची लहान पिशवी बरी, खांद्यावर लटकणारी नको. बूट बंद आणि सपाट तळाचे हवेत. दारांना वीत-दीड वीत उंच लोखंडी उंबरे असतात आणि वर कपाळाच्या पातळीला पाइप. लोक उंबऱ्याकडे बघतात आणि कपाळ आपटतं, हे रोज घडतं. उन्हाळ्यात पोलाद तापतं आणि खालच्या मजल्यांवर हवा कोंडते, तेव्हा सकाळी लवकर जा. आधी सर्वांत खाली, बॉयलर आणि इंजिनांकडे उतरा, पाय ताजे आणि गर्दी कमी असताना. मग वर चढत पुलावर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या उंचावरच्या कक्षात जा. विनाशिकेला दोन तास, क्रूझरला तीन, विमानवाहू नौकेला अख्खा दिवस ठेवावा. चाकाची खुर्ची असेल तर विमानवाहू नौका निवडा. तिथे उड्डाणाची डेक आणि खालचं हँगर (विमानं ठेवायची जागा) बहुधा लिफ्टने गाठता येतं. पाणबुडीत गोल दारांतून वाकून जावं लागतं, त्यामुळे तिथे ते शक्य नसतं.

बंद दारं बंदच राहू द्या. यामागचं कारण थोड्यांनाच माहीत असतं. पोलाद गंजताना हवेतला प्राणवायू वापरून टाकतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या कप्प्यात माणूस उतरला तर काही श्वासांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला वाचवायला गेलेलाही. जुन्या पाइपांवरच्या पांढऱ्या वेष्टणात ॲस्बेस्टॉस असू शकतं. रंगवून झाकलेलं असेपर्यंत त्याचा त्रास नाही, पण नखाने कुरतडू नका आणि मुलांनाही करू देऊ नका.

अमेरिकी जहाजावर असाल तर दारांवरच्या आणि भिंतींवरच्या आकड्यांच्या पाट्या वाचायला शिका, कारण त्या कळल्या की जहाज नकाशासारखं उलगडतं. समजा १९४९ नंतरच्या पद्धतीच्या पाटीवर ‘३-७५-४-एम’ आहे. पहिला आकडा मजला. मुख्य डेक १ नंबरची, खाली २, ३, ४ आणि वर ०१, ०२. दुसरा आकडा नाळेपासून मोजलेली सांगाड्याची बरगडी, जिथे हा कप्पा सुरू होतो. तिसरा बाजू सांगतो. मधोमध शून्य, उजवीकडे विषम, डावीकडे सम, आणि आकडा जितका मोठा तितका कप्पा कडेच्या जवळ. शेवटचं अक्षर उपयोग सांगतं. एम म्हणजे दारूगोळा, एल म्हणजे राहण्याची जागा, ई म्हणजे यंत्रं, एफ म्हणजे इंधन. म्हणजे ही खोली तिसऱ्या मजल्यावर, पंचाहत्तराव्या बरगडीपाशी, डावीकडची दुसरी, आणि इथे दारूगोळा होता. धुरात, अंधारात, कललेल्या जहाजावर खलाशाला आपण कुठे आहोत हे या एका पाटीवरून कळायचं. मुलांना पाच मिनिटांत हे जमतं आणि मग तीच मोठ्यांना वाट दाखवतात.

पुलावर कल मोजणारं एक साधं उपकरण भिंतीवर दिसेल, लोलक किंवा नळीतला बुडबुडा. त्यावरचा आकडा बघा आणि धक्क्यावर वाचलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.

एखादं जहाज सुक्या गोदीत जाणार अशी बातमी दिसली तर संग्रहालयाकडे लगेच चौकशी करा. २०२४ मध्ये ‘न्यू जर्सी’ गोदीत असताना तिच्या पोटाखालून फिरवणाऱ्या फेऱ्या लोकांसाठी ठेवल्या होत्या. अशा फेरीत अर्धे झिजलेले ठोकळे, पाण्याच्या तोंडांवर जोडलेले पत्रे आणि माणसाच्या दुपटीहून उंच पंखे हातभर अंतरावरून दिसतात. तिकिटं थोडी असतात, गोदी चालू कारखाना असल्यामुळे नियम कडक असतात, आणि काम संपलं की पाणी आत सोडतात. त्यानंतर ते बूड पुन्हा बहुधा वीस-तीस वर्षांनीच उघडं होतं.